रेडकूचा उजवा पंख

रेडकू पुन्हा उजव्या अंगावर कलंडलं आणि पडद्यावरच्या दरीत गडप झालं.

"एकोणीस," फिरोज म्हणाला. तो प्रत्येक अपघात मोजून ठेवायचा. "सरळ दहा हात जातंय, आणि मग उजवीकडे झोपतंय. दारू प्यायल्यासारखं."

मागे रेगेसर चहाचा कप घेऊन उभे होते. ते ओरडत नसत, हेच वाईट होतं. घड्याळाकडे बघून म्हणाले, "साडेदहा. चार वाजता पाहुणे येतायत. जयमाला, चार म्हणजे चार."

"शेपूट थोडी लांबवून बघू, सर?" मी विचारलं.

"शेपूट तू परवाच लांबवलीस. काल वजन कमी केलंस. आज काय, नवस बोलणार?" आणि मग अगदी साध्या आवाजात, "आज नाही उडालं तर बाहेरचा तयार घोडा घेतो. पंखवाला. पाहुण्यांना तसं कळवून ठेवलंय. आणि तुझे उमेदवारीचे सहा महिने शनिवारी संपतात, हे तुलाही माहीत आहे."

माहीत होतं. तोंडपाठ होतं. त्या दिवशी गुरुवार होता.

ही वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. पुण्यात एरंडवण्यातल्या एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर आमचा स्टुडिओ होता. स्टुडिओ कसला, तीन कॉम्प्युटर, एक सुतारकामाचं टेबल आणि गळका नळ. मुलांचा एक सिनेमा निघणार होता. त्यात एक मुलगी एका उडत्या प्राण्यावर बसून सह्याद्री ओलांडते. निर्मात्या बाईंची अट एकच. प्राणी खोटा असला तरी खोटा वाटता कामा नये, बघणाऱ्याला त्याचं हाड न् हाड पटलं पाहिजे. कागदावर त्याचं नाव अंबरसिंह. आकार म्हशीच्या पारड्याएवढा, म्हणून मी त्याला रेडकू म्हणायला लागले आणि तेच नाव पडलं.

माझ्या पहिल्या चित्रात त्याला चार पाय होते आणि पाठीवर दोन पंख चिकटवलेले, कॅलेंडरवर असतात तसे. सरांनी चित्र हातात घेतलं आणि एवढंच विचारलं, "हे पंख कशाला धरून हलतात? कातडीला?" उत्तर शोधायला मी कोपऱ्यावरच्या चिकनवाल्याकडे गेले. त्यानं कोंबडीच्या छातीचा मोठा तुकडा उचलला, तर खाली मांसाची एक बारीक फीत. ती त्यानं नुसती ओढली आणि पंख आपोआप वर आला! पंख खाली मारणारा स्नायू छातीवर, आणि वर उचलणाराही छातीवरच. त्याची दोरी खांद्यावरून पलीकडे जाते, विहिरीच्या रहाटावरून जावी तशी. मी तिथंच टाळी वाजवली. चिकनवाला म्हणाला, "ताई, कोंबडी घेणार आहात ना?"

त्या दिवसापासून रेडकूचे पाठीवरचे पंख गेले. पुढच्या पायांचेच पंख केले, वटवाघळासारखे. जमिनीवर मनगटं टेकून चालेल, उडताना बोटं पसरेल. छातीला नांगराच्या फाळासारखं उभं हाड दिलं. मग पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची हाडं कोरून मी त्याचा खराखुरा सांगाडा केला, सांध्यासांध्यांतून हलणारा. फिरोज त्याचे फोटो घ्यायचा, शाळेतल्या कंपासपेटीतल्या कोनमापकानं कोन मोजायचा आणि सगळं कॉम्प्युटरात भरायचा. लाकडी रेडकू जेवढं हलेल, तेवढंच पडद्यावरचं हलणार.

सरांचा एक कायदा होता. एक बाजू करून तिची उलटी नक्कल दुसरीकडे चिकटवायची नाही. निसर्ग म्हणजे छापखाना नाही, असं म्हणायचे. म्हणून मी दोन्ही पंख वेगवेगळे कोरले. डोळे मिटायचे, स्वतःचा हात हलवायचा, कुठं अडतो ते बघायचं, दुसऱ्या हातानं चाचपायचं, आणि ते लाकडात आणायचं. डावा पंख डाव्या हातावरून, उजवा उजव्यावरून. पंधरा दिवस मी त्या टेबलाशी वेड्यासारखे हात वळवत उभी असायचे. मला या पद्धतीचा केवढा अभिमान होता!

सर चहा संपवून आत गेले आणि तेवढ्यात दारात कुणीतरी खाकरलं. बघते तर आबा. माझे वडील. डोक्याला पटका, खांद्यावर पिशवी.

"माले, जिना लई उभा गं तुमचा," ते म्हणाले.

"आबा? तुम्ही इथं कसे?"

"हडपसरला साखरपुडा व्हता न्हवं, तुझ्या मावशीच्या नातीचा. उरकला. म्हटलं, लेकीचं तोंड बघून स्वारगेटास्नं गाडी धरावी." त्यांनी पिशवीतून कागदाची पुडी काढली. "जोतिबाचा परसाद. धर."

साखरफुटाणे होते. मी सवयीनं उजव्या ओंजळीखाली डावा हात धरला, तरी दोन फुटाणे खाली पडलेच. माझ्या हातून प्रसाद कायम सांडतो. धांदरट कार्टी, असं आई म्हणायची. आबांनी ते दोन फुटाणे बघितले, वाकून उचलले आणि स्वतःच्या खिशात टाकले.

खरं सांगते, त्या क्षणी ते आलेले मला नको झाले होते. आबांवर माझा राग होता, जुना. आमचे आबा म्हणजे मुरगूडकडचे बाळकू वस्ताद, हाडं बसवणारे. एके काळी तालमीतला निखळलेला खांदा घेऊन पैलवान आमच्या दारात रांग लावून बसायचे. आबा डोळे मिटून चाचपायचे, म्हणायचे, "ओरड गड्या, ओरडलं की अंग सैल पडतं," आणि कट्ट! झालं काम. मी चौथीत असताना एके दिवशी त्यांनी सगळं सोडलं. हात थरथरतो म्हणाले, आणि साखर कारखान्याच्या गेटावर वॉचमन होऊन बसले. आई उन्हातान्हात दूध घालत फिरली. आता गंमत बघा, हात थरथरतो म्हणणाऱ्या या माणसाच्या बशीतला चहा मी कधी थेंबभर सांडलेला पाहिला नव्हता. कामाचा कंटाळा आला आणि थाप मारली, असंच मी धरून चालले होते.

"इथं बसा. कशालाही हात लावू नका," मी म्हणाले, आणि त्यांना सांगाड्याच्या टेबलाशी स्टूल दिलं.

"हे काय गं? जनावर कंचं?"

"उडणारं आहे. खोटं."

"म्होरचे पाय कुठं गेले?"

"त्यांचेच पंख केलेत."

"हां, मग ब्येस. न्हाईतर चार खांदं झालं असतं की ह्याला. मागचं दोन कंच्या हाडाला धरणार?"

फिरोजनं वळून त्यांच्याकडे बघितलं. मला हे कळायला आठ दिवस आणि एक कोंबडी लागली होती.

मी पुन्हा पडद्याशी गेले. शेपूट आखूड केली. विसावी वेळ. रेडकू दरीत. डाव्या पंखाची कातडी ताणली. एकविसावी वेळ. दरीत. कोपराचे कोन पुन्हा मोजले, दोन्हीकडे अंश न् अंश सारखे. बारा वाजत आले. फिरोज नखं खात होता. माझ्या डोक्यात फक्त शनिवार. शनिवारी बॅग, शनिवारी एसटी, आणि गावात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, गेली होती मोठी पुण्याला.

मागून आवाज आला. कट्ट!

मी गर्रकन वळले. आबांचे डोळे मिटलेले होते. उजव्या पंखाचं कोपर सांध्यातून निखळून त्यांच्या हातात होतं.

"आबा!"

माझी किंकाळी ऐकून सर धावत बाहेर आले. "काय मोडलं? हे कोण गृहस्थ?"

"माझे वडील आहेत, सर." मला रडूच फुटलं. "मी सांगितलं होतं हात लावू नका म्हणून! आबा, काय केलंत हे? जिथं हात चालवायचा तिथं हात थरथरतो म्हणून बसून राहिलात, आईला मर मर राबवलंत, आणि इथं माझ्या कामात हात घातलात? चार तास राहिलेत हो! चार तास! घालवलीत माझी नोकरी!"

बोलायला नको ते बोलून गेले.

"ओरड," आबा हळूच म्हणाले. "ओरडलेलं बरं असतंय." त्यांनी डोळे उघडले नव्हते. पंखाच्या पुढच्या भागात दोन हाडं असतात, आपल्या कोपरापासून मनगटापर्यंत असतात तशीच. त्या दोन काड्यांवरून त्यांचा अंगठा सावकाश फिरत होता. "वाकतंय झ्याक. पण वळत न्हाई. ह्या दोन नळ्या एकमेकीस अडाल्यात, हितं, मधोमध. डाव्या अंगाच्या बघ कशा एकीवरनं एक जात्यात. उडताना पंजा उताणा-पालथा व्हाया पायजे का नगं?"

फिरोज खुर्चीतून उठला. "व्हायला पाहिजे. वर जाताना एक, खाली येताना दुसरं. नाहीतर हवा नीट धरणार नाही." तो माझ्याकडे बघायला लागला. "जया, आपण वाकणं मोजलं. पीळ मोजलाच नाही."

"माले," आबा म्हणाले, "ही हाडं कुणाच्या हातावरनं घेतलीस?"

"माझ्याच."

"उजवा पंख उजव्या हातावरनं?"

"हो. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कोण सांगंल?" त्यांनी पंख खाली ठेवला. "म्होरं कर हात. दोन्ही. कोपरं बरगडीला लाव. आता उताणं कर."

मी केले. डावा तळहात ताटासारखा सपाट झाला. उजवा अर्ध्यात थांबला. मी सवयीनं कोपर आत ओढायला गेले, तर आबांनी ते बरगडीशी धरून ठेवलं. हात पुढे वळेना. कलत्या पेल्यासारखा तसाच राहिला. सव्वीस वर्षं हा हात माझ्या अंगाला होता, आणि मी ते कधी बघितलं नव्हतं. कोपर चोरून भागवत आले होते.

"हाताला काही झालं होतं का?" सरांनी विचारलं.

"चौथीत चिंचेवरून पडले होते," मी म्हणाले. हे मी नेहमी ऐटीत सांगायचे. "दोन्ही हाडं मोडली होती. आबांनीच बसवला. प्लास्टरसुद्धा लागलं नाही..." आणि माझी जीभ तिथंच अडखळली.

"वाकडा बसवला," आबा म्हणाले.

गळक्या नळाखालच्या बादलीत टपटप चालू होती.

मग आबांनी कानस मागितली. सर स्वतः आत जाऊन घेऊन आले. आबांनी एका नळीचं पोट मधोमध घासायला घेतलं. थोडं घासायचं, दोन्ही नळ्या हातात धरून वळवायच्या, पुन्हा घासायचं. मी त्यांच्या हातांकडे बघत होते. कानस एवढीसुद्धा हलत नव्हती. साडेबाराचा एक झाला, एकाचे सव्वा. फिरोज कॅमेरा घेऊन डोक्यावर उभा. सर तिसऱ्यांदा खिडकीशी जाऊन आले. शेवटी आबांनी नळ्या सांध्यात लावल्या, डोळे मिटले, पंख ओढला. कट्ट! आणि मग त्यांनी पंजा वळवला. पालथा. उताणा. पुन्हा पालथा.

"घ्या फोटू," ते म्हणाले.

फिरोजनं पावणेदोनला सगळं कॉम्प्युटरात भरलं. आता त्या यंत्रानं उड्डाण तयार करायचं, दोन तास तरी हवेत. काहीही बिघडलं असतं तरी दुसऱ्यांदा करायला वेळ नव्हता. पडद्यावर हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकायला लागली.

आबा जिन्यात जाऊन बसले होते. मी शेजारी जाऊन बसले. तेच बोलायला लागले.

"एकवीस दिसांनी तुझ्या हाताला बांधलेल्या कांबट्या सोडल्या. तू हात वर केलास, आई म्हणाली, झाला गं बाई बरा. मी धरून बघितला. बोटांस्नी कळलं मला. नळ्या अडाल्या व्हत्या."

"मग?"

"मग काय. वाकडं जुळलेलं हाड पुन्ना मोडायचं आन् पुन्ना बसवायचं. दुसरा उपाय न्हाई. धा-बारा दिसांत केलं तर पोराचं हाड ऐकतंय. पैलवानांची मोडलीत की मी. तुझा हात धरून तीनदा बसलो, माले. तू हसायचीस, तुला वाटायचं आबा खेळाल्यात. धीर झाला न्हाई. मग पंधरा दिस गेलं, महिना गेला, हाड पिकलं, टणक झालं."

"दवाखान्यात न्यायचं की."

"आई म्हणत व्हती. म्हणजे मला चुकलं हे साऱ्या मुलखाला सांगायचं. वस्तादाची ऐट आडवी आली, दुसरं काय? तुझ्या हातापरीस ती मोठी वाटली मला." त्यांनी पटका काढून मांडीवर ठेवला. "ज्याला लेकीचा हात बसवता आला न्हाई, त्यानं लोकांची हाडं धरू नयेत. म्हणून सोडलं. हात थरथरतो म्हणालो. कायतरी सांगाया पायजे व्हतं."

मी रडत होते आणि मला रागही येत होता, दोन्ही एकदम. इतकी वर्षं देवळात, हळदीकुंकवात, जेवणाच्या पंगतीत माझ्या हातून काही सांडलं की हा माणूस खाली बघायचा. मी समजत होते, त्याला माझी लाज वाटते.

"जया!" आतून फिरोज ओरडला. "पाहुणे आले! आणि पट्टी अजून पाव इंच बाकी आहे!"

मी पळत आत गेले. निर्मात्या बाई खुर्चीत बसल्या, पर्स मांडीवर, चष्मा नाकावर. सर त्यांना हवापाण्याचं विचारत होते, आणि डोळे पट्टीवर. चार वाजून चार मिनिटांनी पट्टी भरली. न तपासलेलं उड्डाण थेट पाहुण्यांसमोर लावायची वेळ आली. फिरोजनं माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली.

रेडकू कड्यावर आलं. मनगटं टेकत दोन पावलं चाललं. छाती फुगली, आणि उडी. दहा हात सरळ. मी टेबलाची कड घट्ट धरली. उजवा पंख वर गेला, वर जाता जाता पंजा वळला, खाली आला, हवा धरली. वीस हात. पन्नास. दरी खालून सरकत गेली आणि रेडकू आपलं घरचं काम असल्यासारखं पलीकडच्या डोंगरावर जाऊन उतरलं.

बाईंनी चष्मा काढला. "हे कुठल्या जंगलात सापडलं तुम्हाला?" त्या म्हणाल्या.

सर त्यांना पोचवायला जिन्यापर्यंत गेले, परत आले आणि माझ्या टेबलाशी थांबले. "जयमाला, सोमवारी लवकर ये. चालताना मनगटं घसटतात थोडी, ते बघू." मग दाराशी उभ्या असलेल्या आबांना त्यांनी वाकून नमस्कार केला. आबा इतके अवघडले की पटका घालायचा विसरले.

संध्याकाळी मी त्यांना स्वारगेटला सोडायला गेले. कोल्हापूरची गाडी लागलेली होती. खिडकीतली जागा मिळाली, पिशवी वर टाकली, तरी ते पुन्हा खाली उतरून माझ्याजवळ येऊन उभे राहिले.

"आज मोडाया धीर झाला," ते म्हणाले. "लाकूड व्हतं म्हणून."

"आबा, माझा आता नाही ना मोडता यायचा?"

"न्हाई. पिकला तो."

"राहू दे मग. नोकरी ह्याच हातानं लागलीय."

ते हसले नाहीत. त्यांनी खिसा चाचपला आणि पुडी काढली. उरलेले साखरफुटाणे होते. कंडक्टरनं घंटी मारली.

मी उजवा हात पुढे केला. एकटा. कोपर बरगडीला लावून. डावा मी मुद्दाम पदराखाली धरून ठेवला. हात अर्ध्यात थांबला, कललेला, आहे तसा. आबांनी पुडी त्यावर उपडी केली, आणि फुटाणे घरंगळायला लागले तसा त्यांनी खालून स्वतःचा हात लावला.